मुंबईत नवे आहात? कुणाशी, कधी, कसं बोलायचं

मुंबईला निघालेल्या माणसाला गावात सल्ल्यांची कमी नसते. पाकीट पुढच्या खिशात ठेव, पास काढ, डिपॉझिटची पावती घे. बोलायचं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही, कारण बोलता काय सगळ्यांनाच येतं. मग नांदेड, चंद्रपूर किंवा सावंतवाडीहून आलेला चांगला बोलका माणूस दोन-तीन महिन्यांत म्हणायला लागतो, "इथली माणसं तुसडी आहेत बुवा."

माझ्या मते घोळ होतो तो क्रमाचा. आपल्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी, मग चहा, मग पाऊसपाणी आणि पोरंबाळं, आणि उठता उठता "बरं, एक काम होतं तुमच्याकडे." मुंबईत काम आधी. विचारपूस मागाहून, वेळ उरला तर. ज्याला हा उलटा क्रम माहीत नाही त्याला समोरचा उद्धट वाटतो, आणि समोरच्याला हा माणूस वेळखाऊ वाटतो. गंमत अशी की शेजाऱ्यांच्या बाबतीत मुंबईतही गावाचाच क्रम चालतो. त्यामुळे एकच नियम पाठ करून भागत नाही. एकेक ठिकाण घेऊ.

पहिली पायरी : स्टेशन आणि रस्ता

लोकलच्या दारात अख्खं वाक्य बोलायला वेळ नसतो. "नमस्कार, जरा सांगता का, ही गाडी…" इथपर्यंत येईतो गाडी सुटलेली असते. "ठाणा स्लो?" एवढंच विचारा. समोरचा मान हलवेल किंवा "फास्ट आहे" म्हणेल. त्यात राग नाही.

गर्दीत मागून कुणी खांद्याला हात लावून "दादर उतरणार?" म्हणालं, तर ती चौकशी नसते. तुम्ही उतरणार नसाल तर बाजूला व्हा, मला पुढे जाऊ द्या, असा त्याचा अर्थ. नुसतं "नाही" म्हणून तिथेच उभं राहणारा नवखा लगेच ओळखू येतो, आणि बोलणीही त्यालाच बसतात. तुम्हीही असंच विचारत विचारत, तुमच्या स्टेशनच्या एक-दोन स्टेशनं आधीपासून दाराकडे सरका. प्लॅटफॉर्म कोणत्या बाजूला येणार हेही विचारून ठेवा.

बायकांच्या डब्यात आणखी एक रीत आहे. उभी असलेली बाई बसलेलीला विचारते, "कुठे?" उत्तर आलं "घाटकोपर", की घाटकोपरला ती जागा विचारणारीची. दुसऱ्या कुणी विचारलं तर "सांगितलंय" म्हणायचं, विषय संपला. हा अलिखित करार मोडला तर डबाभर ऐकून घ्यावं लागतं. नवीन मुलीला वाटतं, या बाईला मी कुठे राहते याच्याशी काय करायचंय? काहीही नाही, तिला फक्त बसायचंय.

पत्ता विचारताना ईस्ट की वेस्ट हे आधी ठरवा. नुसतं "मालाडला" म्हणून कुणी पोचत नाही. अंतर किलोमीटरमध्ये विचारू नका, मिनिटांत विचारा, आणि ट्रेनने की रस्त्याने तेही. बोरिवलीचा माणूस "आज मुंबईला गेलो होतो" म्हणाला तर हसू नका. तो दक्षिणेकडच्या जुन्या शहराबद्दल, म्हणजे टाऊनबद्दल बोलतोय. जुनी-नवी नावं दोन्ही कानावर असू द्या. व्हीटीचं, म्हणजे व्हिक्टोरिया टर्मिनस स्टेशनचं, १९९६ मध्ये सीएसटी (छत्रपती शिवाजी टर्मिनस) झालं, २०१७ मध्ये सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) झालं, तरी टॅक्सीवाला व्हीटीच म्हणतो. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी २०१८ मध्ये झालं. रिक्षा वांद्रे आणि सायनच्या पुढे दक्षिणेला जातच नाही. तिथे रिक्षावाल्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, टॅक्सी किंवा बस बघा.

हाक मारायला दादा, काका, ताई, मावशी सगळीकडे चालतात. उत्तरेकडच्या माणसाला "भय्या" म्हणायची इथे सवय आहे, पण तो शब्द कोणत्या सुरात आला हे त्याला बरोबर कळतं. "भाऊ" म्हणा. कुणालाच खटकत नाही.

दुसरी पायरी : कोणत्या भाषेत?

मुंबईत उतरल्या उतरल्या मराठी माणूस हिंदी बोलायला लागतो. समोरचाही मराठीच असतो, आणि दोघं पंधरा मिनिटं एकमेकांशी मोडक्या हिंदीत बोलतात. पहिलं वाक्य मराठीत टाका. समोरच्याला कळलं तर उत्तम. नाही कळलं तर पुढचं हिंदीत. पहिल्याच वाक्याला भांडण मात्र काढू नका. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, दुकानांच्या पाट्याही देवनागरीत असणं कायद्याने सक्तीचं आहे, तरी त्यामुळे भाजीवाला मराठी बोलत नाही. गिऱ्हाईक बोलतं म्हणून तो बोलतो. उत्तर प्रदेशातून आलेल्या भाजीवाल्याच्या तोंडी "कोथिंबीर", "गवार", "सुट्टे द्या ना ताई" हे ऐकाल तेव्हा लक्षात येईल की त्याची शिकवणी कुणी घेतली.

आता तुमच्या स्वतःच्या बोलीचं. कोल्हापूरकडची मुलगी "मी आलो" म्हणते, वऱ्हाडातला मुलगा "काय करून राहिला?" विचारतो, आणि ऑफिसात कुणीतरी खुदकन हसतं. पहिल्यांदा हसलेला बहुतेक वेळा गमतीने हसतो, त्याला "आमच्याकडे असंच बोलतात" एवढं पुरतं. लिहिताना, मीटिंगमध्ये प्रमाण मराठी वापरा. जेवताना, फोनवर आपली बोली बोला. मालवणी माणसाला दुसरा मालवणी भेटला की तो कुणाची परवानगी घेतो का? "घाटी" हा शब्द मात्र वेगळा. कुणी तो हिणवून वापरला तर हसण्यावारी नेऊ नका. बाजूला घेऊन, आवाज न चढवता, एकदाच सांगा: "हा शब्द मला चालत नाही." बहुतेकांना एकदा पुरतं.

तिसरी पायरी : घर, शेजार आणि गावाहून येणारी माणसं

जागेसाठी ब्रोकरला फोन करताना आडपडदा ठेवू नका. गावाकडे जे प्रश्न तोंडावर विचारणं वाईट दिसतं, ते इथे पहिल्या फोनवरच विचारायचे असतात. साधारण असं:

"दादा, कांजूरमार्ग ईस्ट, वन आरके, आम्ही दोघं मित्र, नोकरीवाले. बॅचलर चालतात का? नॉनव्हेज बनवतो, चालेल का? पाणी किती वाजता येतं? गावाहून आई-वडील आले तर पंधरा दिवस राहतील, सोसायटीला अडचण नाही ना? भाडं, डिपॉझिट, तुमची ब्रोकरेज किती?"

(वन आरके म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर.) चाळीस सेकंद लागतात. "नॉनव्हेज नाही चालणार" असं उत्तर आलं तर मनाला लावून घेऊन वाद घालणारे मी पाहिलेत. मला स्वतःला ती अट पटत नाही, पण लपवून राहण्यापेक्षा दुसरी जागा बघणं बरं. अकरा महिने चोरून अंडी उकडत कोण राहणार?

करार बहुधा अकरा महिन्यांचा, लीव्ह अँड लायसन्सचा असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. "आपण घरचेच, कागद कशाला" असं मालक म्हणाला तर गोड शब्दांत पण ठामपणे, "काका, बँकेत पत्त्याला लागतो" म्हणा. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी भाड्याच्या घरावर ना-वापर शुल्क लावते. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. ते तुम्ही भरायचं की मालकाने, हे करारात लिहून घ्या, म्हणजे नंतर तोंडाची वाफ दवडावी लागत नाही.

राहायला गेलात की क्रम उलटा होतो. पहिल्या आठवड्यात मजल्यावरच्या सगळ्या दारांची बेल वाजवा. काम काही नसताना जा, हे महत्त्वाचं. "आम्ही ३०४ मध्ये आलोय, परभणीचे." बस. कुणी आत बोलावेल, कुणी सेफ्टी डोअरमागूनच हसेल. पुढे कधी तुमच्या बाथरूमचं पाणी त्यांच्या छतातून गळेल, तेव्हा या दोन मिनिटांची किंमत कळते. ओळख नसलेल्याची तक्रार थेट सेक्रेटरीकडे जाते. ओळखीच्याला आधी दारात येऊन सांगतात.

तक्रार तुमची असली तरी हीच वाट: आधी तोंडी, मग सेक्रेटरीला, मग लेखी अर्ज. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर थेट फोटो टाकून "हे कोणाचं पार्सल आहे, लाज वाटते का" लिहिलंत तर पार्सल उचललं जाईल, पण वर्षभर लिफ्टमध्ये कुणी तुमच्याकडे बघणार नाही. एक अपवाद. रात्री दहानंतर लाउडस्पीकर वाजत असेल तर तो नियमाचा प्रश्न आहे. रात्री दहा ते सकाळी सहा त्यावर बंदी आहे, काही ठरावीक सणांना तेवढी रात्री बारापर्यंत सूट मिळते. मंडळाच्या पोरांना आधी हात जोडून सांगा, नाही ऐकलं तर पोलिसांना.

वासावरून जितकी भांडणं होतात तितकी आवाजावरूनही होत नसतील. ताज्या मासळीचं एक वेळ चालून जातं. सुकट किंवा सुके बोंबील तव्यावर पडले की तीन मजल्यांना खबर लागते. आमच्या बिल्डिंगमध्ये एका मालवणी घरासमोर जैन कुटुंब आहे. सुरुवातीला दारं आपटणं झालं, मग दोन्ही घरच्या आज्यांनी गॅलरीत उभ्या उभ्या मिटवलं. बोंबील भाजायचे ते दुपारी, दार बंद, मागची खिडकी उघडी. पर्युषणाचे आठ दिवस अजिबात नाही. तसंही पर्युषण संपतं न संपतं तोवर गणपती येतात आणि मालवणी घर गावाला गेलेलं असतं, त्यामुळे आजींचं फार काही गेलं नाही. बदल्यात समोरच्यांनी पॅसेजमध्ये पसरलेलं चपलांचं स्टँड आत घेतलं. या वाटाघाटीत कुणी कुणाला शाकाहार किंवा मांसाहार पटवायला गेलं नाही. फक्त वेळ आणि खिडकी ठरली. बाहेरून येणाऱ्याने हे शिकण्यासारखं आहे.

कामाला येणाऱ्या ताईंशी पहिल्याच दिवशी बोलून घ्या: महिन्यात किती सुट्ट्या, उशीर होणार असेल तर फोन, दिवाळीला एक पगार बोनस देण्याची रीत. आणि त्यांच्या चहाचा कप वेगळा ठेवू नका. असे वेगळे कप ठेवणारी घरं या शहरात आजही आहेत, तुमच्या घराची त्यात भर नको.

आता आई-वडील येतात तेव्हा. याबद्दल कुणी लिहीत नाही, आणि सगळ्यात जास्त घुसमट इथेच होते. गावात दार सकाळी उघडतं ते रात्री लागतं. इथे लॅच खट्ट करून लागतं आणि मुलगा-सून आठला बाहेर पडतात. वडील खिडकीशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघतात. आई समोरच्या बंद दाराकडे बघून म्हणते, "यांचं काय बिनसलंय आपल्याशी?" संध्याकाळी मुलगा थकून येतो, मोबाइल काढतो, आणि आई दिवसभराचं साठलेलं एकदम सांगायला लागते. दोघांचंही बरोबर आणि तरी रोज चिडचिड.

यावर काही साध्या गोष्टी करता येतात. आल्या दिवशीच वडिलांची वॉचमनशी ओळख करून द्या. तोही बहुधा गाव सोडून आलेला असतो, त्यांची गट्टी लवकर जमते. जवळच्या बागेत सकाळी आणि संध्याकाळी ज्येष्ठांचा कट्टा भरतो, तिथे पहिल्या दिवशी स्वतः सोबत जा. आईला भजनी मंडळ शोधून द्या. जुन्या वस्तीत ते सापडतंच. बिल्डिंगचं नाव, विंग, फ्लॅट नंबर आणि तुमचा मोबाइल असा कागद दोघांच्या खिशात हवा, कारण इथल्या सगळ्या बिल्डिंगी त्यांना एकसारख्या दिसतात. आणि घरी आल्यावर पहिला चहा होईपर्यंत मोबाइल बाजूला ठेवा.

गावी फोन करण्याची वेळही ठरवून टाका. ट्रेनमधून "हां आई, बोल, आवाज येत नाही, नंतर करतो" असा रोज तुटक फोन करण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा जेवणानंतर नीट बसून बोललेलं घरच्यांना जास्त पोचतं.

चौथी पायरी : ऑफिस

पहिल्या ओळीत काम. "गुड मॉर्निंग सर, कसे आहात? काल आपलं जे बोलणं झालं त्यासंदर्भात थोडं बोलायचं होतं, वेळ असेल तर सांगा" असा मेसेज आला की साहेबाच्या पोटात गोळा येतो: हा नोकरी सोडतोय की काय? लिहा: "सर, उद्या ११ ते १ बँकेत जायचंय. दोनला डेस्कवर असेन. चालेल का?"

"बघतो", "करून टाकू", "हो जाएगा बॉस" ही उत्तरं होकार समजू नका, नकारही समजू नका. लगेच विचारा, "कधीपर्यंत? चारला घ्यायला येऊ?" वेळ सांगितली तर काम होणार आहे. वेळ टाळली तर दुसरी सोय बघा. आणि स्वतः नकार द्यायला शिका. साहेबाला नाही कसं म्हणायचं, म्हणून मान डोलावून यायचं आणि मग रात्री अकरापर्यंत बसायचं, हे आपल्याकडच्या मुलांचं नेहमीचं. "आज होणार नाही, उद्या बारापर्यंत देतो" यात अवमान काही नाही. इथे ते भरवशाच्या माणसाचं लक्षण मानतात.

एडवर्ड हॉल नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने संस्कृतींची एक मांडणी केली होती: काही ठिकाणी अर्थ शब्दांत असतो, काही ठिकाणी तो प्रसंगात, नात्यात, न बोललेल्यात असतो. कल्पना कामाची आहे, पण अख्ख्या देशांना अशी लेबलं लावण्यात मला फारसा रस नाही. अंधेरीतल्या एकाच टेबलावर दोन्ही तऱ्हेची माणसं बसतात. तोंडावर "हे चुकलंय" म्हणणारी पंजाबी मॅनेजर आणि चूक दाखवायला अर्धा तास घेणारा साताऱ्याचा सीनियर. दोघंही तुम्हाला चूकच दाखवत आहेत. पहिलीचं मनाला लावून घेऊ नका, आणि दुसऱ्याचं गोड बोलणं कौतुक समजू नका.

मीटिंगमध्ये मोठ्यांसमोर गप्प बसणं हा आपल्याकडे संस्कार आहे, इथे तो "याला काही माहीत नाही" असा वाचला जातो. पहिल्या दहा मिनिटांत एक वाक्य बोला, प्रश्न असला तरी चालेल. इंग्रजी अडलं तर हिंदी-मराठीत पूर्ण करा. फाडफाड इंग्रजीने दबून जाऊ नका, त्यातलं निम्मं पुन्हा पुन्हा तेच असतं.

साहेब की पहिलं नाव? आजूबाजूला बघा. खाजगी कंपनीत साठीचा डायरेक्टरही पहिल्या नावाने हाक मारा म्हणतो. सरकारी कचेरीत "साहेब", "मॅडम" शिवाय फाइल हलत नाही.

आडनाव विचारून, मग "म्हणजे कुठले तुम्ही?" विचारून जात काढायची सवय गावातच ठेवून या. पहिल्या भेटीत पगार, लग्न, मूल हेही नको. तुम्हाला कुणी खोदून विचारलं तर गावाचं नाव सांगा आणि कामाकडे वळा.

जेवणाच्या सुट्टीत डबे मध्ये येतात, आणि खरी ओळख तिथेच होते. दुसऱ्याच्या ताटात वाढण्याआधी "तुम्हाला चालतं का?" विचारा. जैन सहकारी कांदा-लसूणच काय, बटाटा-गाजरही खात नसतील. रमजानमध्ये कुणी समोर बसून नुसतंच गप्पा मारत असेल, त्याला आग्रह नको. आपल्याकडचा "घ्या हो, एवढ्याने काय होतंय" इथे अंगलट येतो.

पावसात रुळांवर पाणी भरलं तर ऑफिसला पोचून कारण सांगण्यापेक्षा स्टेशनवरूनच कळवा: "कुर्ल्याला गाड्या थांबल्यात, मी घरी परततोय, लॅपटॉप आहे." पावसाचं कारण मुंबईत सगळ्यांना पटतं, फक्त ते वेळेत कळायला हवं.

पाचवी पायरी : शाळा

मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत चालतात. त्यामुळे मुलाच्या बाकावर कोण बसेल हे सांगता येत नाही, आणि तो महिनाभरात घरी हिंदीत भांडायला लागेल. घाबरू नका. मैदानावरची भाषा त्याला लागणारच आहे. घरी तुम्ही मराठी सोडली नाहीत की झालं.

२०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालं. याचा नवख्या मराठी पालकाला एक फायदा आहे, जो कुणी वापरत नाही. तुमच्या मजल्यावरच्या तमिळ किंवा मारवाडी मुलाला मराठीचा गृहपाठ असतो आणि त्याची आई मेटाकुटीला आलेली असते. "पाठवा आमच्याकडे अर्धा तास" म्हणा. इतक्या स्वस्तात शेजार जुळत नाही.

पालकसभेत शिक्षिकेला एका पालकासाठी पाच मिनिटं असतात. घरून एकच प्रश्न ठरवून जा. "अभ्यासात कसा आहे?" विचारलंत तर "ठीक आहे, लक्ष द्या" एवढंच मिळेल. "वजाबाकीत हातचा घेताना अडतो, घरी काय करून घेऊ?" विचारलंत तर उत्तर मिळतं. इंग्रजी शाळेत गेलात तरी सुरुवातीलाच "मला इंग्रजी येत नाही हो" म्हणून मान खाली घालू नका. सरळ मराठीत बोला, शिक्षिकेला बहुधा कळतं. अर्जही मराठीत द्या. मात्र मुलाला दुभाषा करू नका. त्याच्याच तक्रारीचं भाषांतर तो कसं करेल, हे सांगायला नको.

मूल तुमच्या बोलीची लाज बाळगायला लागेल, बहुधा तिसरी-चौथीत. "पप्पा, शाळेत येऊन तसं बोलू नका." रागवू नका, बदलूही नका. आजीशी फोनवर त्याला त्याच बोलीत बोलू द्या.

पालकांच्या ग्रुपवर फक्त शाळेचं विचारा, आणि एखाद्या मुलाचं नाव घेऊन तक्रार कधीच टाकू नका. त्याची आई ते वाचत असते. खाजगी शाळेत २०११ च्या शुल्क कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते, फीवाढीचा प्रस्ताव आधी तिच्यासमोर येतो, आणि तिच्यावरचे पालक इच्छुकांमधून सोडत काढून घेतात. म्हणजे वशिला नको आणि इंग्रजीही नको. वर्षाच्या सुरुवातीला नोटीस लागते, तेव्हा नाव द्या. बहुतेक पालक "आपलं कुठे काम" म्हणून देत नाहीत, त्यामुळे चिठ्ठी निघण्याची शक्यता चांगली असते.